कांद्याच्या बीचे वय

कांद्याचे बी तुम्ही हातात घेऊन पाहिले आहे का? काळेभोर, तिकोनी आणि जरासे सुरकुतलेले. नाशिककडचे शेतकरी त्याला उळे म्हणतात. एका ग्रॅमला अडीचशे-तीनशे दाणे भरतात. दिसायला निर्जीव खडी. पण त्यातला प्रत्येक दाणा संथपणे श्वास घेत असतो आणि दिवसेंदिवस म्हातारा होत असतो.

याचा धडा मला घरीच मिळाला. परसातल्या कांद्याचे बी वैशाखात धरले, कागदाच्या पुडीत बांधले आणि स्वयंपाकघरात माठाशेजारच्या फळीवर ठेवून दिले. कार्तिकात वाफ्यात टाकले, तर शंभरातले वीसही उगवले नाहीत. त्याच फळीवरचा दुधी भोपळा मात्र तरारून आला!

असे का झाले? भाजीपाल्याच्या बियांत कांद्याचे बी फार अल्पायुषी. टोमॅटो, काकडी यांचे बी नीट ठेवले तर तीन-चार वर्षे टिकते. कांद्याचे बी साध्या खोलीत जेमतेम वर्षभर जगते, आणि त्यातही मध्येच आपला पावसाळा येतो. बी हवेतली ओल शोषून घेते. वैशाखात खडखडीत वाळवलेले बी उघड्या पुडीत राहिले, तर श्रावणात पुन्हा ओलसर होते. ओल वाढली की श्वसन वाढते, साठवलेले अन्न खर्च होते, पेशींची नाजूक आवरणे बिघडतात. असे बी पेरले की आतली साखर बाहेर झिरपते आणि ती खायला बुरशी टपलेलीच असते.

कॅलिफोर्निया विद्यापीठातले शास्त्रज्ञ जेम्स हॅरिंग्टन यांनी यासाठी दोन सोपे आडाखे सांगितले. बियांतली ओल एक टक्क्याने कमी करा, आयुष्य दुप्पट होते. साठवणीचे तापमान ५ अंश सेल्सिअसने उतरवा, तरीही दुप्पट. (ओलीचा आडाखा साधारण ५ ते १४ टक्क्यांच्या दरम्यानच लागू पडतो.) आता गणित करा. ओल १२ टक्क्यांवरून ८ वर आणली, तर चार वेळा दुप्पट, म्हणजे सोळापट!

आजीबाई बी राखेत घोळून ठेवत किंवा चुलीवरच्या शिंक्यात टांगत, ते उगीच नव्हे. राख ओल टिपते, धूर किडे पळवतो. मात्र चुलीजवळ कोरडेपणा मिळतो तशी उष्णताही मिळते, हे विसरू नका. त्यापेक्षा तांदूळ कढईत चांगले भाजून, गार करून, त्यांची पुरचुंडी बियांबरोबर घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवावी. बाटली शीतकपाटात ठेवली तर उत्तमच. पण बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका. थंड बियांवर हवेतले दव जमते आणि सारी मेहनत वाया जाते.

तरीही बाटली फक्त राखू शकते. जे शेतात मिळालेच नाही, ते ती कुठून देणार? बियांसाठी चांगले कांदे निवडून ऑक्टोबर-नोव्हेंबरात पुन्हा लावतात. थंडी मिळाली की दांडे वर येतात आणि त्यांच्या टोकाला पांढऱ्या फुलांचे गोंडे लागतात. फुलोऱ्याच्या वेळी ढगाळ हवा किंवा पाऊस असला, तर मधमाश्या फिरकत नाहीत आणि बी कमी धरते. एका गोंड्यातली शेकडो फुले एकदम उमलत नाहीत, म्हणून बीही मागेपुढे पिकते. काही बोंडे फुटून आतले काळे दाणे दिसू लागले की गोंडे कापायचे, तेही दोन-तीन खेपांत. घाई केली तर दाणे हलके, पोचट. उशीर केला तर बी मातीत. काढलेले बी कडक उन्हात तापल्या जमिनीवर पसरू नये, सावलीत वाळवावे.

विकत घेतलेल्या प्रमाणित कांद्याच्या बियांची उगवण किमान ७० टक्के असावी लागते. ओल ८ टक्क्यांपर्यंत चालते, हवाबंद पाकिटात मात्र ६ टक्केच.

तुमचे बी किती खरे? शंभर दाणे मोजा. ओल्या टीपकागदावर मांडून गार सावलीत ठेवा. कागद सुकू देऊ नका. सहाव्या दिवशी कोंब मोजा, बाराव्या दिवशी पुन्हा मोजा. यंदा ताज्या बियांच्या दोन पुड्या करा: एक कागदात बांधून माठाजवळ, दुसरी भाजलेल्या तांदळांसह बाटलीत. ज्येष्ठापासून कार्तिकापर्यंत दर महिन्याला दोन्हींतले पन्नास-पन्नास दाणे तपासा आणि आकडे वहीत लिहा. दोन्ही आकडे कोणत्या महिन्यात एकमेकांपासून दूर जाऊ लागतात, ते पाहा.