कळा सरावाच्या की वेळेआधीच्या?

पहिलटकरणीचे पोट सातव्या-आठव्या महिन्यात अचानक कडक होते. कोणी म्हणते वायू, कोणी म्हणते कळा. घरी थांबावे की दवाखाना गाठावा, हे ठरवण्याची साधी रीत घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवी.

भिलाईतले पावर हाउस म्हणजे गजबजलेला भाग. एकीकडे रेल्वे स्टेशन, मधून जाणारा जी. ई. रोड, सर्क्युलर मार्केट आणि जवाहर मार्केटमधली गर्दी. 1950च्या दशकात पोलाद कारखाना उभा राहू लागला, तेव्हापासून देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे इथे पोटापाण्यासाठी आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. अशा घरांतल्या मुलीचे माहेर अनेकदा नागपूर, गोंदिया, भंडारा असे दूरचे असते आणि नवऱ्याची नोकरी पाळ्यांची.

अशा घरात पहिले बाळंतपण असले की एक प्रसंग हमखास येतो. सातवा सरून आठवा लागलेला असतो. नवरा रात्रपाळीला गेलेला असतो. सून ओटा आवरता आवरता थबकते आणि म्हणते, ‘‘आई, पोट बघा ना, दगडासारखं झालंय.’’ सासूबाई हात लावून म्हणतात, ‘‘अगं, वायू धरला असेल. ओव्याचं पाणी घे आणि पड जरा. माझ्या वेळीही व्हायचं असं.’’

सासूबाई बहुतेक वेळा बरोबर असतात. पण काही वेळा त्या बरोबर नसतात आणि त्याच वेळी दवाखान्यात पोहोचायला झालेला उशीर बाळाला महागात पडतो. म्हणूनच या दोन प्रकारच्या कळांतला फरक नीट समजून घ्यायला हवा.

पोट कडक का होते?

गर्भाशय हा मुळात स्नायूंचा अवयव आहे. बाळंतपणाच्या वेळी याच स्नायूंना जोर लावून बाळ बाहेर ढकलायचे असते. पण त्याआधी अनेक आठवडे ते अधूनमधून आवळतात आणि सैल पडतात. लंडनच्या जॉन ब्रॅक्स्टन हिक्स या डॉक्टरांनी 1872 साली याचे वर्णन केले, म्हणून वैद्यकात या कळांना त्यांचेच नाव आहे. आपल्याकडे त्यांना खोट्या कळा म्हणतात. ‘सरावाच्या कळा’ हे नाव अधिक योग्य, कारण त्या जाणवतात अगदी खऱ्या.

सरावाच्या कळांना धरबंध नसतो. एक आली, मग वीस मिनिटांनी दुसरी, मग तासभर काही नाही, असे चालते. पोट पुढच्या बाजूने घट्ट होते, अवघडल्यासारखे वाटते आणि थोड्या वेळात सुटते. फार वेळ उभे राहणे, जिना चढणे, लघवी तुंबवून ठेवणे, पाणी कमी पिणे, पतिपत्नीचा संबंध येणे, अशा कारणांनी त्या जाणवतात. कूस बदलली, लघवी करून आले, पाणी प्यायले की बहुधा थांबतात. मुख्य म्हणजे त्यांनी गर्भाशयाचे तोंड उघडत नाही.

वेळेआधीच्या कळा याच्या उलट वागतात. त्या ठरावीक अंतराने येतात, हळूहळू जवळ येतात आणि जोर धरतात. पडून राहिले तरी थांबत नाहीत. पुष्कळदा त्या कमरेतून सुरू होऊन पुढे ओटीपोटात येतात. पाळीच्या वेळी दुखते तसे दुखते. त्या गर्भाशयाचे तोंड पातळ करून उघडू लागतात.

पहिलटकरणीची अडचण अशी की तिला तुलनेला काहीच नसते. कळ कशी असते हे तिने ऐकलेले असते, भोगलेले नसते. म्हणून ‘‘खरी कळ आली की कळतेच’’ हा थोरामोठ्यांचा सल्ला तिच्या कामाचा नाही. वेळेआधीच्या कळा सुरुवातीला फार दुखतीलच असेही नाही.

महिना नव्हे, आठवडा

डॉक्टर दिवस मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. पूर्ण दिवस म्हणजे 280, अर्थात 40 आठवडे. 37 आठवडे पुरे होण्याआधी झालेले बाळंतपण हे वेळेआधीचे. घरात मात्र हिशेब महिन्यांचा असतो आणि ‘आठवा’ म्हणजे आठवा लागलेला की संपलेला, यावर सासर-माहेरचे एकमत नसते.

हा फरक किरकोळ नाही. 38व्या आठवड्यात नियमित कळा आल्या तर ती आनंदाची बातमी असते. त्याच कळा 31व्या आठवड्यात आल्या तर ते तातडीचे काम असते. म्हणून पाळीची तारीख, सुरुवातीच्या महिन्यांतल्या सोनोग्राफीचा कागद आणि आज कितवा आठवडा चालू आहे हे सुनेला, नवऱ्याला आणि घरातल्या आणखी एकाला तोंडपाठ हवे. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दर आठवड्याला आकडा लिहून ठेवला तरी पुरे.

हात ठेवा, घड्याळ पाहा

पोट कडक झाल्यासारखे वाटले तर आधी लघवी करून यावे. दोन-तीन पेले पाणी प्यावे. मग डाव्या कुशीवर पडून बोटांची टोके बेंबीच्या वरच्या बाजूला अलगद ठेवावीत. गर्भाशय सैल असताना पोट गालासारखे मऊ लागते. कळ आली की ते हनुवटीसारखे, जोराची असेल तर कपाळासारखे घट्ट लागते. बाळाने पाय मारला तर पोटाचा एकच भाग टणक होतो. कळ आली की सगळे पोट आवळते.

आता घड्याळ पाहून कागदावर लिहावे. एक कळ सुरू झाली तिथपासून दुसरी सुरू होईपर्यंतचे अंतर मोजायचे आणि प्रत्येक कळ किती सेकंद टिकली तेही नोंदवायचे. मोजणी तासाभरापुरतीच. 37 आठवडे पुरे झालेले नसताना तासात सहा किंवा अधिक वेळा पोट आवळले, तर दुखो वा न दुखो, दवाखान्यात निघावे. कळा त्याहून कमी असल्या तरी दर खेपेस जोर वाढत असेल, तर डॉक्टरांना फोन करायला तासही पुरा होऊ देऊ नये.

आणि काही लक्षणे अशी आहेत की तिथे मोजणी करायचीच नाही, लगेच निघायचे. ती शेवटच्या चौकटीत दिली आहेत.

दवाखान्यात काय होते?

‘‘उगाच धावत गेलो आणि परत पाठवलं तर?’’ ही लाज अनेकींना अडवते. खरे तर अशी तक्रार घेऊन आलेल्या बहुतेक बायका वेळेआधी बाळंत होत नाहीत. तपासून घरी पाठवणे हेही डॉक्टरांचे कामच आहे. त्या परत पाठवण्यात फजिती काहीच नाही.

तिथे बाळाचे ठोके आणि कळा पाहतात, गर्भाशयाचे तोंड तपासतात, लघवीची तपासणी करतात. सोय असेल तर आतल्या सोनोग्राफीने तोंडाची लांबी मोजतात. ती तीन सेंटिमीटरहून अधिक भरली तर लगेच बाळंतपण होण्याची शक्यता फार कमी असते.

कळा वेळेआधीच्या ठरल्या तर साधारण 48 तास मिळवण्याचा प्रयत्न होतो. कळा मंदावण्याचे औषध देतात आणि त्या अवधीत आईला स्टेरॉइडची इंजेक्शने देतात. त्यांनी बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात. न्यूझीलंडच्या ग्रॅहम लिगिन्स यांना मेंढ्यांवरच्या प्रयोगांत हे प्रथम दिसले. त्यांनी आणि रॉस हॉवी यांनी 1972 साली गर्भवती स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे 2020 साली जागतिक आरोग्य संघटनेचा मोठा अभ्यास आला. भारतासह पाच देशांतल्या 2,852 गर्भवती त्यात होत्या. डेक्सामेथासोन हे स्वस्त इंजेक्शन मिळालेल्या गटात शंभरातली सुमारे 20 नवजात बाळे दगावली, न मिळालेल्या गटात 23 ते 24. भारत सरकारने तर 2014 सालीच सूचना काढून एएनएमलाही पहिला डोस देऊन रुग्णाला पुढे पाठवण्याची मुभा दिली.

या सगळ्याचा उपयोग एकाच अटीवर होतो. आई वेळेत पोहोचली पाहिजे. तोंड पुरते उघडल्यावर पोहोचली तर इंजेक्शनला आपले काम करायला वेळच उरत नाही.

‘आठमाशी जगत नाही’?

सातमाशी मूल जगते, आठमाशी जगत नाही, असे कित्येक घरांत आजही म्हणतात. यात तथ्य नाही. बाळ जितके दिवस पोटात अधिक राहील तितके त्याचे जगणे सोपे. सातव्यापेक्षा आठवा बरा, आठव्यापेक्षा नववा. या समजुतीपायी आठव्या महिन्यातल्या कळा आल्यावर घरचे लोक आधीच हात टेकतात, हा त्यातला खरा धोका.

जगात 2020 साली सुमारे 1 कोटी 34 लाख बाळे वेळेआधी जन्मली. त्यांतली 30 लाखांच्या आसपास एकट्या भारतातली होती. म्हणजे ही दुर्मीळ गोष्ट नव्हे. पण यांतली पुष्कळ बाळे ऊब, आईचे दूध आणि संसर्गापासून जपणूक एवढ्यावर वाचू शकतात. छत्तीसगडला लागून असलेल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची देखभाल घडवून आणली आणि बालमृत्यू कमी होतात हे दाखवले. तो अभ्यास 1999 साली ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आला.

घरातल्या सवयी पाहा

वेळेआधीच्या कळांचे कारण प्रत्येक वेळी सापडत नाही. पण काही गोष्टी हातातल्या आहेत. लघवीला जळजळ असेल तर लाजून गप्प बसू नये. लघवीच्या मार्गातला संसर्ग हे कळांचे एक नेहमीचे कारण आहे. रक्त कमी असेल तर लोहाच्या गोळ्या टाळू नयेत.

भिलाईच्या मे महिन्यातल्या उन्हात पाणी कमी पडले तरी पोट आवळू लागते. भाद्रपदात मराठी घरांत हरतालिका आणि छत्तीसगडी घरांत तीजा येतो. ‘‘पहिलंच वर्ष, उपास मोडू नये’’ म्हणून गरोदर सुनेला निर्जळी उपास घडवणे म्हणजे तिला आणि बाळाला धोक्यात घालणे. इथे सासूबाईंनीच पुढे होऊन पाण्याचा पेला हातात द्यावा.

मशेरी आणि इकडचा गुडाखू, दोन्ही तंबाखूच. मुंबईत गरोदर स्त्रियांवर झालेल्या आणि 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मशेरीसारखा तंबाखू वापरणाऱ्या आयांची बाळे सरासरी 105 ग्रॅमने हलकी भरली आणि वेळेआधी जन्मण्याचे प्रमाणही अधिक दिसले. दात घासण्यापुरता म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही.

कळा मोकळ्या व्हाव्यात म्हणून एरंडेल किंवा कसला काढा देणे तर मुळीच नको. आणि ‘महिनाभर खाटेवरून उतरू नको’ असा सल्लाही आता तज्ज्ञ सरसकट देत नाहीत. निव्वळ झोपून राहिल्याने बाळंतपण लांबते असे दिसलेले नाही, उलट पायात रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो.

माहेरी जाण्याआधी

पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली जुनी रीत. सातव्यात डोहाळजेवण झाले की मुलीला गाडीत बसवायचे. प्रवास वाईट नाही, पण दुर्गहून नागपूरपर्यंतचा चार-पाच तासांचा रस्ता ठरवण्याआधी डॉक्टरांना विचारावे. पोट वारंवार आवळत असेल तर तिकीट रद्द करावे. आईने इकडे यावे. लेकीचे बाळंतपण आईने सासरी येऊन केले तर कोणाचा मान कमी होत नाही. निघालीच तर सगळे कागद आणि सोनोग्राफीचे रिपोर्ट पर्समध्ये असावेत, बॅगेच्या तळाशी नव्हे.

पावर हाउसच्या आसपास राहणाऱ्यांनी आठवा लागण्याआधीच एकदा चौकशी करून ठेवावी. कारखान्याचे कर्मचारी सेक्टर 9च्या जवाहरलाल नेहरू हॉस्पिटलमध्ये जातात. जवळ सुपेल्याचे सरकारी हॉस्पिटल आहे, पुढे दुर्गचे जिल्हा रुग्णालय आणि जी. ई. रोडनेच रायपूरच्या टाटीबंधला एम्स. नाव ठेवलेल्या ठिकाणी रात्री स्त्रीरोगतज्ज्ञ असतात का, वेळेआधीच्या बाळांचा विभाग आहे का, हे दोन प्रश्न विचारावेत. गरोदर स्त्रीला नेण्यासाठी छत्तीसगडमध्ये 102 क्रमांकाची महतारी एक्स्प्रेस आहे, तातडीला 108 आहे. वस्तीतल्या मितानीनशीही ओळख असू द्यावी.

रात्रपाळीच्या नवऱ्याला कोणत्या नंबरवर निरोप द्यायचा, रिक्षावाला कोण, शेजारून सोबतीला कोण येणार, हे आधीच ठरलेले असावे. कळांच्या वेळी शोधाशोध करणे हाच मोठा उशीर असतो.

सासूबाईंचा अनुभव आणि सुनेचे घड्याळ यांत भांडण नाही. अनुभवाने धीर द्यावा, घड्याळाने निर्णय करावा. दहा वेळा जाऊन नऊ वेळा ‘काही नाही’ ऐकून परत यावे लागले तरी चालेल. दहाव्या वेळी मिळालेले दोन दिवस बाळाच्या आयुष्यभर पुरतात.

चौकट : मोजत बसू नका, निघा
● अंगावरून रक्त गेले.
● पाणी एकदम गेले किंवा थेंबथेंब झिरपते आहे. लघवी की गर्भजल हे कळत नाही.
● 37 आठवड्यांआधी चिकट, रक्ताळलेला स्राव दिसतो आहे.
● कळ सुटतच नाही, पोट सतत कडक आणि दुखरे आहे.
● बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी झाली किंवा थांबली.
● ताप, लघवीला जळजळ किंवा दुर्गंधीयुक्त स्राव यांसोबत पोट आवळते आहे.
● खाली जोर येतो आहे, बाळ उतरल्यासारखे वाटते.
● डोके फार दुखते, डोळ्यांपुढे अंधारी येते, चेहरा सुजला आहे.
● जुळी आहेत आणि पोट वारंवार कडक होते आहे.