संगणकातील अधिकारांनाही मर्यादा हवी

चळवळीचे काम आता कागदावरून संगणकावर आले आहे. अत्याचाराच्या खटल्यातील पीडितांचे जबाब, साक्षीदारांची नावे-पत्ते, जातपडताळणीची कागदपत्रे, सारे एका संगणकात असते. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १५-अ मध्ये साक्षीदाराची ओळख गुप्त ठेवण्याची तरतूद आहे. पण तीच ओळख वकिलाच्या वा कार्यकर्त्याच्या संगणकातून फुटली, तर त्या कलमाचा उपयोग काय? गावात परत जाऊन राहायचे असते ते त्या साक्षीदाराला!

म्हणून या तांत्रिक विषयावर बोलणे आम्हाला भाग आहे. संगणकात खाती दोन प्रकारची असतात. एक साधे, दुसरे 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'चे, म्हणजे सर्वाधिकाराचे. सर्वाधिकाराने चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एखादी फट राहिली, की तिच्यातून शिरणाऱ्यालाही तेच अधिकार मिळतात. तो कोणाचीही फाइल वाचतो, बदलतो, नवी आणूनही ठेवतो.

झूमचेच उदाहरण घ्या. कोरोनाकाळात आपल्या कितीतरी सभा त्यावर झाल्या. मॅक संगणकात झूमची नवी आवृत्ती आपोआप बसवणारा भाग सर्वाधिकाराने चालत असे. आलेले पॅकेज खरोखर कंपनीचे आहे काय, हे तो तपासत असे. पण फाइलच्या नावातच कंपनीच्या प्रमाणपत्राचे शब्द घातले, की तपासणी पार! साध्या खात्यात शिरलेला हल्लेखोर असा संपूर्ण संगणकाचा मालक होऊ शकत होता. संशोधक पॅट्रिक वॉर्डल यांनी डिसेंबर २०२१ मध्ये हा दोष कंपनीला कळवला. पहिल्या दुरुस्तीतही चूक राहिली. तपासणी झाल्यावर, पण बसवण्यापूर्वी, पॅकेज बदलता येत होते. ऑगस्ट २०२२ मध्ये वॉर्डल यांनी अमेरिकेतील डेफकॉन परिषदेत हे जाहीर केल्यावर ५.११.५ ही दुरुस्त आवृत्ती आली.

सही न पाहता नाव पाहून दार उघडणारी व्यवस्था आपल्याला नवी नाही. आडनाव विचारून पात्रता ठरवणाऱ्यांचे चटके आपण पिढ्यान्‌पिढ्या सोसले आहेत.

यावरचा उपाय जुनाच आहे. ज्याला जेवढे काम, त्याला तेवढाच अधिकार, हे तत्त्व साल्टझर व श्रोडर या शास्त्रज्ञांनी १९७५ मध्येच संगणकासाठी मांडले. आपल्याला तर ते त्याहून आधीपासून ठाऊक आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी मिलचा आधार घेऊन बजावले होते, की संस्था उलथवता येतील एवढे अधिकार थोर माणसाच्याही हाती देऊ नयेत. मग एखाद्या कंपनीच्या प्रोग्रॅमला ते का द्यावेत?

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी सर्वाधिकाराचा भाग शक्य तितका लहान ठेवावा, आणि तपासलेली फाइल बसेपर्यंत कोणालाही बदलता येणार नाही अशा जागी ठेवावी. आपण मात्र त्यांच्यावर विसंबून बसू नये. रोजचे काम साध्या खात्यात करावे. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड वेगळा ठेवावा. परवानगी मागणारी चौकट आली, की न वाचता 'येस' दाबू नये. चोरीचे सॉफ्टवेअर वापरू नये, आणि नव्या दुरुस्त्या वेळेवर बसवाव्यात.

यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही, शिस्त लागते. ज्या माणसाने आपल्यावर विश्वास ठेवून जबाब दिला, त्याच्यासाठी एवढी शिस्त पाळणे हे आपले कर्तव्यच आहे.

जय भीम!