ओपीडीचा वार

सकाळी ६.४५
दिल्लीत या वेळी रस्ता मोकळा असतो. लॅबमध्ये आल्या आल्या मूलपेशींचं द्रव बदलायचं. रविवार असो की दिवाळी, हे चुकत नाही. रुग्णाच्या रक्तातल्या पेशींना उलट्या वाटेने नेऊन मूलपेशी करायच्या, मग त्यांच्यातून चेतापेशी घडवायच्या. यात महिने जातात. जिवंत माणसाकडे लहान मेंदूचा तुकडा मागता येत नाही, म्हणून हा द्राविडी प्राणायाम.

९.१५
न्यूरॉलॉजीची ओपीडी. मी पीएचडीवाली, औषध लिहून देणारी नव्हे. तरी टेबलाच्या कोपऱ्यात माझी खुर्ची ठरलेली.

आजचे पहिले गृहस्थ कापडाचे व्यापारी, पन्नाशीतले. हात थरथरतो. चहाचं त्यांना काही वाटत नाही, पण बँकेने चेक परत पाठवला, सही जुळत नाही म्हणून. साधा कंप समजून प्रोप्रॅनोलॉल बरीच वर्षं चालू आहे. कागदावर गोगलगाईसारखं वेटोळं काढायला सांगितलं, रेघ दातेरी आली. बोट नाकाला नेताना डगमगलं. टाचेला पंजा लावून चालताना तोल गेला. वडिलांचाही हात हलायचा, पण घरात सगळे म्हणायचे, वय झालं.

कंपाने सुरू होऊन पुढे तोल घालवणारा हा आजार, एससीए १२. १९९९मध्ये तो जर्मन वंशाच्या एका अमेरिकन कुटुंबात सापडला, २००१मध्ये भारतात, मुख्यतः उत्तरेकडच्या अग्रवाल घराण्यांत. बहुधा कुणा एका पूर्वजाकडून आलेला बदल, समाजातच लग्नं होत गेल्याने तिथेच फिरत राहिला. त्याला ‘अमक्यांचा आजार’ म्हणणं मला पटत नाही. पण आडनाव न विचारता निदान वर्षानुवर्षं लांबतं, हेही रोज बघते.

११.००
गृहस्थांच्या पत्नीने मला बाहेर गाठलं. ‘बेटा, मुलीचं लग्न ठरतंय. तिचंही रक्त घेऊन टाक. मुलाकडच्यांना सांगायला बरं.’

आईवडिलांपैकी एकाला आजार असेल तर प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी. मुलगी सव्वीस वर्षांची, धडधाकट, शेजारीच उभी. तिला कुणी विचारलंच नव्हतं. आजार थांबवणारं औषध आज नाही. तपासणीत कळलं तरी हाती लागतं ते फक्त वाट बघणं. काहींना तरीही जाणून घ्यायचं असतं, काहींना मुळीच नाही, आणि दोघांचंही बरोबर. पण तो निर्णय तिचा. आईचा नाही, सासरचा तर नाहीच. मी रक्त घेतलं नाही. समुपदेशनाची वेळ दिली, एकटीने यायची. आई रागावली. साहजिक आहे.

१.३०
डबा. भेंडी.

२.००
आजचे नमुने आज चालत नाहीत. डीएनए काढून साठेल तेव्हा तुकडी लावायची. आज मागची तुकडी. पाचव्या गुणसूत्रावरच्या पीपीपी२आर२बी या जनुकात सीएजी ही तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. निरोगी माणसात साधारण तिशीच्या आत, आजारात बहुधा पन्नाशीच्या पुढे. तेवढा भाग पीसीआरने वाढवायचा, चमकणारा रंग जोडायचा आणि बारीक नळीतून पळवून लांबी मोजायची. आलेखात दोन शिखरं येतात, आईकडचं एक, वडिलांकडचं एक. लांब शिखराच्या डावीकडे छोट्या शिखरांची कंगव्यासारखी रांग दिसते. पीसीआर घसरतो त्याची ती खूण. नवी मुलं तिलाच आकडा समजतात.

५.३०
एका नमुन्यात ५८. हा आकडा संशोधनाचा. रुग्णाला सांगण्याआधी नवं रक्त घेऊन निदानाच्या लॅबमध्ये तपासलं जातं. हंटिंग्टनमध्ये आकडा जितका मोठा तितका आजार साधारण लवकर. तिथलं जनुक १९९३मध्येच सापडलं. इथे ते नातं तितकं घट्ट नाही. ५८ म्हणजे कधी, हे मला सांगता येत नाही आणि नेमकं तेच सगळे विचारतात.

रात्री ९.००
शोधनिबंधावर परीक्षकाचं पत्र. त्याच समाजातले निरोगी नमुने वाढवा म्हणतो. म्हणणं रास्त आहे. असे नमुने सर्वांत सहज मिळतात ते रुग्णांच्या नवरा-बायकोंकडून: त्याच समाजातले, पण रक्ताचं नातं नसलेले. अर्थात त्यांचाही आकडा आधी मोजायचा. पुढच्या ओपीडीत रागावलेल्या काकूंनाच बाही वर करायला सांगावं लागणार.