मठ, हंस, पूल आणि गायरान: थेम्सकाठचे कुकम

इंग्लंडच्या बर्कशर परगण्यात, लंडनच्या पश्चिमेस थेम्स नदीच्या वळणावर वसलेले कुकम हे गाव आज सहलीला येणाऱ्यांना टुमदार आणि निवांत वाटत असले, तरी त्याच्या इतिहासाचा बराच भाग एकाच प्रश्नाने व्यापलेला आहे, आणि तो प्रश्न मालकीचा आहे. आठव्या शतकात येथे एक ख्रिस्ती मठ होता. मर्सिया या राज्याच्या एथेलबाल्ड राजाने तो कॅंटरबरीच्या चर्चला दिला होता. परंतु पुढे दानाचे दस्तऐवजच चोरीला गेले आणि मठ एका राजाकडून दुसऱ्याकडे जात राहिला. अखेर 798 मध्ये धर्मसभेपुढे तडजोड झाली व मर्सियाच्याच ऑफा राजाची विधवा किनेथ्रिथ हिने केंटमधील जमिनी कॅंटरबरीला देऊन कुकम स्वतःकडे राखले. एवढ्या खटाटोपाचे कारण उघड आहे: थेम्स ही त्या काळी राज्यांची सीमाही होती आणि मालवाहतुकीचा मार्गही, त्यामुळे तिच्या काठावरचा मठ म्हणजे केवळ प्रार्थनास्थळ नव्हते. या मठाचे अवशेष रेडिंग विद्यापीठाच्या संशोधकांना 2021 मध्ये गावातील होली ट्रिनिटी चर्चलगतच्या उत्खननात सापडले.

मालकीचा हाच प्रश्न नदीतील पक्ष्यांपर्यंतही पोहोचलेला दिसतो. इंग्लंडमध्ये खुल्या पाण्यावरील खूण नसलेल्या हंसांवर राजसत्तेचा हक्क मानला जातो, कारण मध्ययुगात हंस हे मेजवानीतील मानाचे पक्वान्न होते. मात्र पंधराव्या शतकात लंडनमधील मद्यव्यापाऱ्यांच्या आणि रंगाऱ्यांच्या संघांना, म्हणजे आपल्याकडील श्रेणींसारख्या व्यवसायमंडळांना, थेम्सवर हंस बाळगण्याचा अधिकार मिळाला. दरवर्षी जुलैमध्ये राजाची आणि या दोन संघांची माणसे होड्यांतून नदीने वर जातात आणि हंसांची कुटुंबे घेरून पिल्लांचे वजन, माप व प्रकृती तपासतात; या प्रथेला ‘स्वान अपिंग’ असे म्हणतात. पिल्लाची मालकी आईबापांवरून ठरते आणि संघांच्या पिल्लांच्या पायात कडे घातले जाते, पण राजाच्या पिल्लांवर मालकीची कोणतीही खूण करत नाहीत, त्यामुळे खूण नसणे हीच येथे राजाची खूण ठरते. हंस खाण्याची चाल केव्हाच मागे पडली असून आता या मोहिमेचा खरा उपयोग गणनेसाठी आणि मासेमारीच्या गळांनी जखमी झालेल्या पक्ष्यांच्या उपचारासाठी होतो.

कुकमच्या पुलाची गोष्ट अधिक रोकडी आहे. 1840 मध्ये येथे खाजगी कंपनीने लाकडी पूल बांधला, 1867 मध्ये त्याच्या जागी आजचा लोखंडी पूल आला, आणि नदी ओलांडणाऱ्याला 1947 पर्यंत पथकर भरावा लागत असे. त्या वर्षी परगण्याच्या प्रशासनाने पूल विकत घेतला तेव्हा कर बंद झाला, मात्र कर घेणाऱ्याचे छोटे घर पुलाच्या टोकाशी अद्याप उभे आहे.

गायरानांच्या बाबतीत गावकऱ्यांनी स्वतःच पुढाकार घेतला. गावाच्या पश्चिमेस कुकम मूर हे सखल, पुराचे पाणी सामावून घेणारे कुरण आहे, तर दक्षिणेस विडब्रूक कॉमनवर आजही गुरे चरतात. शेजारच्या मेडनहेडसह या परिसरातील गायरानांचे जमीनदारी हक्क स्थानिक लोकांनी विकत घेतले आणि 1934 मध्ये ती जमीन नॅशनल ट्रस्ट या वारसा व निसर्ग जपणाऱ्या संस्थेच्या स्वाधीन केली. स्वतःच्या पैशाने घेतलेली जमीन स्वतःच्या नावावर न ठेवण्याचा हा शहाणपणा उपनगरांच्या वाढत्या विळख्यातून ही कुरणे वाचवण्यास कारणीभूत ठरला, असे म्हणता येईल.

या गावावर कायदेशीर नव्हे, पण सर्वांत पक्का हक्क सांगितला तो चित्रकार स्टॅन्ली स्पेन्सर याने. त्याचा जन्म 1891 मध्ये येथील हाय स्ट्रीटवर झाला, आणि लंडनच्या कलाशाळेत त्याला गावाच्या नावानेच हाक मारीत. पुलाशेजारच्या होड्यांच्या आवारात बांधून आणलेल्या हंसांचे चित्र त्याने 1915 मध्ये सुरू केले, पण महायुद्धात सैन्याच्या वैद्यकीय दलात जावे लागल्याने ते अर्धवट राहिले व 1919 मध्ये पूर्ण झाले. पुढे ख्रिस्ती श्रद्धेतील मृतांचे पुनरुत्थान त्याने जेरुसलेममध्ये नव्हे, तर आपल्याच चर्चच्या दफनभूमीत घडताना दाखवले. त्या चित्रात परिचित माणसे कबरींतून सावकाश, जणू झोपेतून, उठतात. गावकऱ्यांच्या दृष्टीने मात्र तो जुनाट बाबागाडीत चित्रकामाचे सामान घालून रस्त्याने फिरणारा गृहस्थ होता. लहानपणी ज्या वेस्लीपंथीय प्रार्थनागृहात तो आईसोबत जात असे, तेथेच 1962 मध्ये त्याच्या चित्रांचे संग्रहालय सुरू झाले आणि त्याचा कारभार मुख्यतः स्वयंसेवकांवर चालतो. त्याची बाबागाडी तेथे आहे. कुकमच्या नौकास्पर्धेला जमलेल्या गर्दीपुढे नावेत बसून उपदेश करणाऱ्या ख्रिस्ताचे भले मोठे चित्रही त्याचेच. 1959 मध्ये त्याचा मृत्यू झाला तेव्हा ते अपुरे होते, आणि त्याच्या काही भागांत रंगाऐवजी अजूनही पेन्सिलीच्या रेषाच दिसतात.