थांबलेला दिसणारा चक

भोसरीच्या शेडमध्ये लेथवर काम करणारे माझे वडील नेहमी सांगतात, “चक थांबलेला दिसला तरी मशीन बंद केल्याशिवाय हात घालू नये.” यामागचे शास्त्र असे आहे.

चोकची ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. डोळ्याच्या दृष्टिपटलातील पेशींचा एका चमकेला मिळणारा प्रतिसाद ओसरण्याआधीच दुसरी चमक येते. म्हणून उजेड आपल्याला अखंड वाटतो. १९३८ साली हार्टलाइन या शास्त्रज्ञाने बेडकाच्या डोळ्यावर प्रयोग करून दाखविले की, दृष्टिपटलातून निघणारे काही मज्जातंतू उजेड पडताच संदेश धाडतात, काही तो जाताच, तर काही दोन्ही वेळा. म्हणजे डोळा मुख्यतः बदल टिपतो.

आता थ्री-जॉ चक मिनिटाला २००० फेरे घेत असेल, तर एका चमकेपासून दुसरीपर्यंत तो बरोबर एक-तृतीयांश फिरतो. पहिल्या जॉच्या जागी दुसरा येतो. डोळ्याला बदल दिसतच नाही आणि चक स्थिर भासतो!

उपाय सोपा आहे. शेजारशेजारच्या ट्यूब निरनिराळ्या फेजवर जोडाव्यात, किंवा मशीनवर तारेचा साधा बल्ब लावावा. स्वस्त एलईडी दिवेही असे लुकलुकू शकतात. पिंपरी-चिंचवडमध्ये आपल्यापैकी अनेकांच्या घरचे हात मशीनवर चालतात. तेव्हा एवढे शास्त्र आपण घरी जरूर सांगावे.