बिनमापाचा माल

आमच्या बीड जिल्ह्यात टॉर्चला टॉर्च कुणी म्हणत नाही. ती ‘बॅटरी’, आणि तिच्या पोटात घालायचे ते ‘सेल’. शहरात ही वस्तू कपाटातल्या अडगळीत पडून असते; इकडे ती खुरप्या-कोयत्याइतकेच कामाचे हत्यार आहे. शेतीपंपाची थ्री-फेज वीज वर्षानुवर्षे पाळीने येत आली, कधी दिवसा तर कधी रात्री. परळीचे औष्णिक वीज केंद्र आमच्याच जिल्ह्यात असले तरी रात्रीची पाळी आम्हाला चुकलेली नाही. रात्रीची पाळी लागली की बारा वाजता उठून उसाला दारे धरायला जायचे. चिखल, गवत, बांधावरची बिळे. पायाखाली दोरी आहे की नाग, हे कळण्याचे एकमेव साधन म्हणजे हातातली बॅटरी.

दसरा-दिवाळीनंतर जिल्ह्यातली गावेच्या गावे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. फडाजवळच्या कोप्यांमध्ये वीज कुठली? मोबाईल चार्ज करायचा तर गावातल्या दुकानदाराला पैसे द्यावे लागतात. रात्री-अपरात्री ट्रॅक्टर आला की मोळ्या वाहायच्या, फळीवरून तोल सावरत वर चढायचे. चार्जिंगच्या बॅटऱ्या स्वस्त झाल्या आहेत, पण चार्जिंगची सोय नसेल तिथे अजूनही सेलच चालतो. आणि मुकादमाकडून घेतलेली उचल फेडत असलेल्या माणसाला दर आठवड्याचे सेलचे पैसे टोचतात.

मी केज तालुक्यात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालो. ऊसतोडीला निघालेल्या एका शेजाऱ्याने मला विचारले, “सर, चाळीसचा सेल खरंच तितका पुरतो का वो, का नुसतं नावच?” प्रश्न साधा होता. उत्तर शोधायला दुकानात गेलो, दोन्ही सेल हातात घेतले आणि वेष्टणे उलटसुलट करून वाचली. किंमत होती, तारीख होती, कंपनीचा पत्ता होता. आत माल किती, ते कुठेच नव्हते! पाच रुपयांच्या बिस्किटपुड्यावर ग्रॅम छापलेले असतात. पुन्हा चार्ज होणाऱ्या सेलवरही मिलीअँपिअर-तास ठळक अक्षरांत असतात. फेकून द्यायच्या सेलवर मात्र माप नसते.

यात निव्वळ लबाडी आहे, असे मात्र नाही. या सेलचे माप खरोखरच एका आकड्यात बसत नाही. आंतरराष्ट्रीय मानकातही सेलची चाचणी ‘तो कशात वापरणार’ यावरून ठरते. पेन्सिल सेलला रेडिओसाठी ४३ ओहमचा रोध जोडून रोज चार तास चालवतात. मोटरवर चालणाऱ्या खेळण्यासाठी ३.९ ओहम जोडून रोज एक तास. दाब ठरलेल्या पातळीच्या खाली, म्हणजे पहिल्यात ०.९ आणि दुसऱ्यात ०.८ व्होल्टवर आला की सेल संपला. एवढेच असेल तर घरी का करू नये? अंबाजोगाईहून रोध आणले, मल्टिमीटर होताच, भिंतीवर घड्याळ होते. साधे लाल सेल १२ रुपयांचे, अल्कलाईन ४० चे, प्रत्येक चाचणीला तीन-तीन. मुलांची जुनी वही नोंदींना घेतली. रेडिओच्या चाचणीला अल्कलाईनने जवळजवळ तीन आठवडे घेतले, तेवढ्यात घरच्यांनी माझे डोके तपासायचे ठरवले होते. असो.

रेडिओच्या हलक्या ओझ्यावर साधा सेल सुमारे २५ तास चालला, अल्कलाईन सुमारे ७५. तिप्पट. पण किंमत तिपटीहून जास्त, तेव्हा रुपयामागे तास मोजले तर साधा सेल किंचित वरचढच ठरला. जड ओझ्यावर चित्र उलटे झाले. साधा सेल सव्वा तासात संपला, अल्कलाईन सहा तास टिकला. म्हणजे रुपयामागे सहा मिनिटे आणि नऊ मिनिटे. जड ओझ्यावर रोजची विश्रांती न देता सलग चालवला, तेव्हा साधा सेल तासभरही टिकला नाही. थोडक्यात, भिंतीवरच्या घड्याळात आणि आजोबांच्या रेडिओत चाळीसचा सेल घालणे ही चैन आहे, आणि प्रखर उजेडाच्या बॅटरीत बाराचा घालणे हा तोटा आहे.

असे का होते, ते सेल फोडून पाहिले की समजते. साध्या सेलचे जस्ताचे डबडे हेच त्याचे इंधन. मध्ये कार्बनची कांडी (आम्ही लहानपणी तिने भिंती काळ्या केल्या), तिच्याभोवती मँगनीज डायऑक्साइडची काळी भुकटी. लेक्लांशेने १८६६ साली काढलेल्या घटाचा हा कोरडा वंशज. वीज घेऊ तसे डबडेच खाल्ले जाते, म्हणून जुना सेल पाझरतो आणि बॅटरीची स्प्रिंग खाऊन टाकतो. अल्कलाईनमध्ये सगळे उलटे: जस्ताची भुकटी आत, मँगनीज बाहेर, भोवती पोलादी कवच, मध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइड. भुकटीचा पृष्ठभाग फार मोठा, त्यामुळे एकदम जास्त वीज मागितली तरी सेल दमत नाही.

हा सेल घडवणारा लुईस उरी हा कॅनडाचा तरुण अभियंता. युनियन कार्बाइडने त्याला अमेरिकेतल्या ओहायोतील पार्मा इथल्या प्रयोगशाळेत पाठवले होते, ते जुन्याच सेलचे आयुष्य वाढवायला. त्याने नवीनच सेल केला. साहेबांना पटवायला त्याने दोन खेळण्यातल्या गाड्या आणल्या, एकीत जुना सेल आणि दुसरीत आपला, आणि कँटीनच्या फरशीवर सोडून दिल्या. जुनी लवकरच थांबली. दुसरी धावतच राहिली, बघणारे कंटाळेपर्यंत. १९५९ पासून असे सेल बाजारात आले. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळला जिचे नाव जगाला कळले, ती हीच कंपनी; आपल्या घराघरांतला एव्हरेडीचा लाल सेलही तिच्याच भारतीय शाखेचा होता. नव्वदच्या दशकात त्या शाखेची मालकी बदलली, नाव बदलले. सेल लालच राहिला.

आता लोकांचे प्रयोग. संपलेले सेल उन्हात ठेवायचे, ही आमच्याकडची घरोघरीची रीत. ती अगदीच खुळी नाही. विश्रांतीने साध्या सेलच्या आतली कोंडी सैल होते, उष्णतेने रासायनिक क्रिया जराशी वेग घेते, आणि बॅटरी पाच-दहा मिनिटे पेटते. नवी वीज मात्र उन्हातून येत नाही. उलट सेल पाझरायला मदतच होते. दुसरी रीत सेल टेबलावर आपटून पाहण्याची: अल्कलाईन उसळला तर रिकामा, धप्पकन बसला तर भरलेला. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये हे तपासले. उसळी वाढते खरी, पण सेल निम्मा उरलेला असतानाच ती पूर्ण वाढून बसते. म्हणजे उसळणारा सेल फेकणारा कदाचित अर्धा माल फेकतो.

दुकानदार मीटर लावून “बघा, दीड व्होल्ट” म्हणतो, त्यालाही फार अर्थ नाही. ओझे न लावता मोजले तर बराचसा वापरलेला सेलही तेराशे-चौदाशे मिलीव्होल्ट दाखवतो. बल्ब किंवा रोध जोडून मोजले की सोंग उतरते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तारीख. साधा सेल दोन-तीन वर्षांचा पाहुणा, आणि आमच्या मे महिन्यात काचेच्या कपाटात उन्हाकडे तोंड करून ठेवलेला असेल तर त्याहून कमी. नव्या सेलसोबत जुना घालू नये. दुबळा आधी संपतो आणि पाझरून बाकीच्यांनाही खातो.

शेजाऱ्याला मी सांगितले ते असे: मोळी वाहताना प्रखर उजेड लावत असशील तर चाळीसचा घे, कोपीत रात्रभर मिणमिणता दिवा ठेवायचा असेल तर बाराचा पुरे. त्याने दोन्ही घेतले, वेगवेगळ्या बॅटऱ्यांसाठी. खरे तर हे सांगायला मास्तर लागू नये. ‘बॅटरीत इतके तास, रेडिओत इतके तास’ एवढ्या दोन ओळी वेष्टणावर छापल्या तर कारखान्याची शाई किती लागेल? चाचण्या मानकात ठरलेल्याच आहेत.

माझ्या चाचण्यांतले बारा रिकामे सेल एका डब्यात पडून आहेत. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी ते परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. आमच्या गावात ते घ्यायला अजून कुणी आलेले नाही, आणि बाकीचे गाव आपले सेल बांधावर टाकते.