दशावतार म्हणजे डार्विन? मामाच्या फॉरवर्डचं उत्तर

आजचा भाग थोडा घरगुती आहे. म्हणजे विषय मोठा आहे, पण सुरुवात आमच्या फॅमिली ग्रुपवर झाली.

माझी मामेबहीण यंदा दहावीला आहे, स्टेट बोर्डात. तिच्या विज्ञान भाग २ चा पहिलाच धडा आहे 'आनुवंशिकता व उत्क्रांती'. चाचणीत प्रश्न आला, उत्क्रांतीचे पुरावे सांगा. तिने लिहिलं: मत्स्य म्हणजे पाण्यातला जीव, कूर्म म्हणजे उभयचर, वराह म्हणजे जमिनीवरचा प्राणी, नरसिंह म्हणजे अर्धा पशू अर्धा माणूस, वामन म्हणजे बुटका आदिमानव, परशुराम म्हणजे हत्यार वापरणारा माणूस. तीन मार्कांपैकी शून्य.

हे उत्तर तिचं नव्हतं. मामाने ग्रुपवर टाकलेल्या फॉरवर्डमधलं होतं. तुम्हालाही तो आला असेलच: 'डार्विनच्या हजारो वर्षं आधी आपल्या ऋषींना उत्क्रांती माहीत होती.'

मामा चिडला. म्हणाला, "आपल्याच पोरांना आपलं सांगितलं तर शून्य देतात!" मग मला फोन. "तू पॉडकास्ट करतोस ना, सांग आता." आणि मागून बहिणीचा आवाज, "दादा, म्हणजे आजी सांगते ते सगळं खोटं का रे?"

या दुसऱ्या प्रश्नाने मी अडकलो. मार्कांचं उत्तर सोपं होतं, आजीचं नव्हतं. म्हणून दोन आठवडे वाचत बसलो, आणि जे हाती लागलं ते आज सांगतोय.

आधी गोष्ट नीट वाचू

फॉरवर्ड लिहिणाऱ्याने अवतारांच्या गोष्टी खरंच वाचल्यात का, अशी मला शंका आहे.

मत्स्याची गोष्ट घ्या. ती शतपथ ब्राह्मणात येते. मनू सकाळी हात धुतोय, ओंजळीत छोटा मासा येतो. मासा म्हणतो, मला वाढव, मी तुला वाचवीन. पुढे प्रलय येतो आणि तो मासा मनूची नाव ओढून नेतो. आता बघा, या गोष्टीत मासा येतो तेव्हा माणूस आधीच तिथे हजर आहे! माणूस माशापासून झाला असं ही गोष्ट म्हणतच नाही. आणि त्या जुन्या ग्रंथात हा मासा विष्णूही नाही, ती जोड नंतरची.

दुसरं, क्रम. दशावताराचा आपल्याला पाठ असलेला क्रम ही अनेक याद्यांपैकी एक आहे. भागवत पुराणाच्या पहिल्या स्कंधात बावीस अवतारांची यादी आहे. तिथे सुरुवात सनत्कुमारांपासून होते, वराह दुसरा येतो, आणि मत्स्य थेट दहावा, कूर्म अकरावा. पुढे असंही म्हटलंय की अवतार असंख्य आहेत. म्हणजे 'पाणी, मग चिखल, मग जमीन' अशी शिडी दाखवायची असती, तर भागवतकारांनी ती अशी उलटीपालटी मांडली नसती.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं. अवतारांत नातं नाही. मत्स्याची पिल्लं कूर्म झाली नाहीत. प्रत्येक वेळी विष्णू संकट बघून पूर्ण रूप घेऊन येतो, काम करतो आणि जातो. उत्क्रांतीत बरोबर उलटं आहे. तिथे सगळा खेळच आईबापांकडून पिल्लांकडे काय जातं याचा आहे. कोणी ठरवून येत नाही, संकट निवारायलाही येत नाही. पिढ्यान् पिढ्या थोडे थोडे बदल होतात, जे त्या परिस्थितीत टिकतात त्यांची पिल्लं जास्त जगतात. बास.

जीवशास्त्रही तसं म्हणत नाही

कासव उभयचर नाही. ते सरपटणाऱ्या प्राण्यांच्या गटातलं. बेडकासारख्या उभयचरांना अंडी घालायला सहसा पाणी किंवा ओल लागते. कासव मात्र अंडी घालायला किनाऱ्यावर येतं. वेळासला जाऊन कासवांची पिल्लं वाळूतून वर येताना तुमच्यापैकी कोणी पाहिली असतील. डुक्करही आपला पूर्वज नाही. ती सस्तन प्राण्यांची वेगळी फांदी. सिंह त्याहून वेगळी.

फांदी हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. शाळेच्या भिंतीवरचं ते चित्र आठवा: वाकलेलं माकड, मग थोडं सरळ, मग भाला घेतलेला माणूस. त्या चित्राने फार घोळ घातलाय. उत्क्रांती रांग नाही, झाड आहे. मी बहिणीला विचारलं, "मी तुझ्यापासून जन्मलो का?" ती म्हणाली, "वेडा आहेस का?" मी म्हटलं, "पण आपली आजी एकच ना?" चिंपांझी आणि आपलं तसंच आहे. आपण चिंपांझीपासून झालो नाही. साधारण साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी आपली 'आजी' एक होती.

'कोणी पाहिलंय?'

जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादेत बोलताना तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले होते की माकडाचा माणूस होताना पाहिल्याचं आपल्या पूर्वजांपैकी कोणी लिहून ठेवलेलं नाही, म्हणून डार्विनचा सिद्धांत चुकीचा. पुढे २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला, तेव्हा देशभरातल्या १८०० हून जास्त शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी निषेधाचं पत्र काढलं. म्हणजे हा वाद आमच्या मामापुरता नाही.

'कोणी पाहिलंय' हा प्रश्न वाईट नाही. उत्तर असं की न पाहिलेल्या गोष्टीचाही माग निघतो. आणि खरी कसोटी म्हणजे आधी सांगायचं आणि मग शोधायचं.

दोन उदाहरणं देतो.

पहिलं. मासे पाण्यात होते, मग चार पायांचे प्राणी जमिनीवर आले, तर मधला कोणीतरी असायला हवा. नील शुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचार केला की साधारण ३७ कोटी वर्षांपूर्वीच्या, उथळ पाण्यात साचलेल्या खडकांत तो मिळेल. असे खडक कॅनडाच्या आर्क्टिक भागात, एल्समिअर बेटावर होते. कित्येक मोसम शोधल्यावर २००४ मध्ये सापडला: टिक्टालिक. माशासारखे खवले आणि पर, पण मान हलणारी, आणि पराच्या आत मनगटासारखी हाडं. तुमच्या पुस्तकातला 'जोडणारा दुवा' तो हाच प्रकार.

दुसरं. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्यात गुणसूत्रं ४८, आपल्यात ४६. मग एक जोडी गेली कुठे? पूर्वज एक असेल तर दोन गुणसूत्रं एकमेकांना चिकटली असणार. आता गुणसूत्राच्या टोकाला एक ठरावीक रचना असते, बुटाच्या नाडीच्या टोकाला प्लास्टिकचं टोपण असतं ना, तशी. दोन नाड्या टोकाला टोक लावून जोडल्या तर टोपणं मधोमध दिसतील. १९९१ मध्ये आपल्या दोन नंबरच्या गुणसूत्रात नेमकी तशी टोकं मध्येच सापडली. हा माग तुमच्या, माझ्या, मामाच्या शरीरात आहे.

आता फॉरवर्डला हीच कसोटी लावा. अवतारांच्या यादीवरून कोणी कधी सांगितलं का, की अमुक खडकात अमुक जीवाश्म मिळेल? नाही. जुळणी झाली ती उत्तर कळल्यावर. डार्विनचं माणसाच्या उगमावरचं पुस्तक आलं १८७१ मध्ये. मादाम ब्लाव्हाट्स्की या थिऑसॉफीच्या बाईंनी अवतार आणि उत्क्रांतीचा क्रम शेजारी ठेवला १८७७ मध्ये. पेपर सुटल्यावर उत्तरं जुळवल्यासारखं आहे हे. मग बहिणीला शून्य का, ते कळलं ना? प्रश्न पुराव्यांचा होता, तिने साम्य लिहिलं.

मधल्या काळात पुण्यात

पण याच काळात आपल्याकडे एका माणसाने हेच अवतार वेगळ्याच नजरेने वाचले. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांचं 'गुलामगिरी' आलं. पुस्तक संवादासारखं आहे, जोतीराव आणि धोंडीबा बोलतायत. त्यात मत्स्य म्हणजे होड्यांतून आलेल्या टोळीचा नायक, वामन म्हणजे बळीराजाला फसवणारा. आज इतिहासकार हे जसंच्या तसं घेणार नाहीत. पण पुस्तकाचा रोख बघा. ब्रह्मदेवाच्या तोंडातून एक वर्ण, पायातून दुसरा, ही जन्मकथा ते खऱ्या बाळंतपणाच्या पातळीवर आणून उलटतपासणी करतात. धोंडीबाशी बोलताना इतके तिखट प्रश्न काढतात की आजही वाचताना हसू येतं आणि मग हसू जातं.

का जातं, तर ती कथा नुसती कथा राहिली नव्हती. ऋग्वेदातल्या पुरुषसूक्तात विराट पुरुषाच्या मुखापासून, बाहूंपासून, मांड्यांपासून, पायांपासून चार वर्ण येतात. कविता म्हणून वाचली तर समाज म्हणजे एक शरीर असंही वाचता येईल. पण तिच्यावर बोट ठेवून जेव्हा कोणाला पाणवठ्यावरून हाकललं जातं, शाळेबाहेर बसवलं जातं, तेव्हा ती माणसाच्या उगमाबद्दलची विधानं होतात. आणि विधान तपासायचा हक्क सगळ्यांना आहे.

विज्ञानाने तपासलं. हैदराबादच्या सीसीएमबीमधले आणि हार्वर्डमधले शास्त्रज्ञ यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं, की साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी भारतात निरनिराळ्या लोकसमूहांची मोठी सरमिसळ झाली, अगदी दूर राहिलेल्या समूहांपर्यंत. आपापल्यातच लग्नं करायची पद्धत घट्ट झाली ती त्यानंतर. म्हणजे आपण सगळे आधी मिसळलो, मग भिंती बांधल्या. वेगवेगळ्या अवयवांतून कोणी आलं नाही.

म्हणून मला 'विज्ञान वेगळं, श्रद्धा वेगळी, दोघांनी आपापल्या घरी राहावं' एवढंच म्हणून थांबता येत नाही. कथा माणसाला खालचा-वरचा ठरवायला लागली की तिला प्रश्न विचारावेच लागतात.

मग आजीचं काय?

आता अवघड भाग.

आजी कुडाळजवळच्या गावात राहते. जत्रेत रात्रभर दशावतारी नाटक चालतं. सुरुवातीच्या आडदशावतारात गणपती येतो, सरस्वती येते, मग वेद पळवणारा संकासूर येतो, मालवणीत सगळ्यांची टर उडवतो आणि शेवटी विष्णू त्याला मारतो. विष्णू झालेला माणूस दुपारी शेतात दिसलेला असतो. नाटकाआधी मागे बिडी ओढत असतो.

मी आजीला फोनवर विचारलं, "तू त्याला हात जोडतेस, तो आपल्या वाडीतलाच आहे ना?"

ती म्हणाली, "अरे, तो आपलोच झील, ह्या माका ठाऊक नाय काय? पण तोंडार रंग लागलो काय तो विष्णू. दोन्ही माका कळतत."

बहिणीच्या प्रश्नाचं माझ्याकडचं उत्तर हेच आहे. आजी खोटं सांगत नाही. ती गोष्ट सांगते, आणि गोष्ट आहे हे तिला माहीत आहे. माशाने नाव ओढली या गोष्टीत एक धीर आहे: बुडायची वेळ येते तेव्हा कोणीतरी येतं, आणि तू कधीतरी ओंजळीत वाचवलेलाच जीव असू शकतो तो. याला जीवाश्माची गरज नाही. गडबड मामाच्या फॉरवर्डने केली. त्याने गोष्टीला लॅबचा कोट घातला. आता गोष्ट खरी ठरायला डार्विनची सही लागते, आणि सही मिळाली नाही की पोरीला वाटतं सगळंच खोटं. अभिमान वाढवायला निघालेला मेसेज श्रद्धेलाच तोंडघशी पाडतो.

आणि अभिमानच हवा असेल तर ऋग्वेदातलं नासदीय सूक्त आहे. सृष्टी कुठून आली असं विचारता विचारता ते शेवटी म्हणतं, वरून पाहणाऱ्यालाही हे माहीत असेल, किंवा कदाचित नसेलही. इतक्या जुन्या काळी 'माहीत नाही' म्हणायची हिंमत, याचा अभिमान मला डार्विनशी जुळणी न करताही वाटतो.

शेवटची एक गोष्ट. अहिल्यानगर जिल्ह्यातलं नेवासे आपल्याला माहीत आहे ते ज्ञानेश्वरीसाठी. तिथेच प्रवरेच्या काठी ह. धी. सांकलिया आणि डेक्कन कॉलेजच्या संशोधकांना अश्मयुगीन माणसाच्या दगडी हातकुऱ्हाडी मिळाल्या. एकच नदी. तिथे जाऊन पैस खांबाला हात जोडता येतात, आणि त्या हातकुऱ्हाडी किती जुन्या असतील असंही विचारता येतं. दुसऱ्यासाठी पहिलं सोडावं लागत नाही, फक्त एकाचं काम दुसऱ्याला सांगायचं नाही.

मामाला हे सगळं लिहून पाठवलं. त्याने अंगठा पाठवला, बाकी काही नाही. बहिणीने मात्र पुढच्या चाचणीसाठी टिक्टालिकचं चित्र काढून मला पाठवलंय. पर जरा मोठे झालेत, पण मनगट बरोबर आहे.

तुमच्या ग्रुपवर हा फॉरवर्ड आला तर लगेच भांडू नका. आधी विचारा, "मत्स्याच्या गोष्टीत मनू आधीच कसा होता?" बोलणं तिथून सुरू होऊ दे. भेटू पुढच्या भागात.